फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांतील मधली फळी

इंग्लंडमध्ये 16 वर्षांपुढील मुले आणि प्रौढ शाळा व विद्यापीठ यांच्या बाहेर जेथे शिकतात, त्या फर्दर एज्युकेशन महाविद्यालयांतील विभागप्रमुख व अभ्यासक्रम व्यवस्थापक यांची फळी. तिच्या वर प्राचार्य, खाली अध्यापक. नळजोडणी, गवंडीकाम, केशरचना, बालसंगोपन यांपासून ए-लेव्हल या बारावीच्या तोडीच्या परीक्षेपर्यंत सारे येथे शिकवतात. आपल्याकडची आयटीआय आणि कनिष्ठ महाविद्यालय एका आवारात आणावे, तसा हा पसारा.

या फळीची कुचंबणा सुरू झाली ती 1992 च्या कायद्यापासून. 1 एप्रिल 1993 रोजी महाविद्यालये स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या ताब्यातून निघाली व स्वायत्त झाली. नवी निधी परिषद विद्यार्थ्याचा प्रवेश, टिकून राहणे आणि उत्तीर्ण होणे असे टप्पे मोजून पैसे देऊ लागली. त्याच दशकात अध्यापकांच्या सेवाशर्तींवरून संप झाले. कालपर्यंत स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्यांना वाढीव तास समजावून सांगायची वेळ विभागप्रमुखांवर आली. डेनिस ग्लीसन व फरझाना शेन यांनी 1999 मध्ये या मंडळींचे तीन प्रकार मांडले : मनापासून आदेश मानणारे, नाइलाजाने मानणारे आणि आदेश पाळता पाळता विद्यार्थी व सहकाऱ्यांचे हित सांभाळण्याची वाट काढणारे. महाविद्यालये उभी आहेत ती मुख्यतः या तिसऱ्यांच्या जिवावर.

आज निधी देणारी यंत्रणा बदलली असली, तरी मोजणी सुटलेली नाही. 16 ते 19 वयोगटाचा निधी सहसा आदल्या वर्षीच्या पटावरून ठरतो. यंदा मुले वाढली तर तुकड्या आत्ताच वाढवाव्या लागतात, पैसे मात्र पुढच्या वर्षी. वर्षभराच्या अभ्यासक्रमात मूल पहिले सहा आठवडे टिकले, तरच ते निधीसाठी धरले जाते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये हजेरीपट समोर ठेवून गैरहजर मुलांच्या घरी फोन लावणे हे विभागाचे मोठे काम होऊन बसते. त्यात मुलाची काळजी किती आणि पटाची किती, हे वेगळे काढणे अवघड. पण त्या फोनमुळे एखादे मूल परत येते, हेही खरे.

जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत गणित किंवा इंग्रजीत कमी श्रेणी मिळालेल्या मुलांनी तो विषय पुन्हा शिकावा, ही 2014 पासून निधीची अट आहे. गवंडीकाम शिकायला आलेल्या मुलाला शाळेत ज्या विषयाने रडवले, त्याच वर्गात पुन्हा बसवायचे आणि वेळापत्रकही जुळवायचे, हे विभागप्रमुखाच्याच माथी.

सर्वांत जाचक अडचण माणसे मिळण्याची. महाविद्यालयातील अध्यापकाचा पगार शाळेतल्या शिक्षकापेक्षा कमी आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनला बांधकामावर त्याहून जास्त मिळतात. तो सत्राच्या मध्यात सोडून गेला की वर्ग अनेकदा व्यवस्थापकच घेतो. संध्याकाळी अंदाजपत्रक आणि ऑफस्टेड या शिक्षणसंस्था तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या तपासणीची कागदपत्रे त्याची वाट पाहत असतातच. यातले बहुतेक जण वर्गातून किंवा कारागिरीतून वर आलेले असतात. माणसे व पैसा सांभाळण्याचे शिक्षण त्यांना पद मिळाल्यावर, काम करता करता घ्यावे लागते.