पीडीएफ निर्यातीत वेक्टर चित्रांची जपणूक

वर्ड किंवा लिबरऑफिस रायटरमध्ये तयार केलेल्या दस्तऐवजाची पीडीएफ करताना त्यातले आलेख, नकाशे, आकृत्या रेषा-वक्रांच्या रूपातच राहाव्यात, त्यांचे ठिपके होऊ नयेत, यासाठी घ्यायची काळजी. प्रबंध, पाठ्यपुस्तके, अभियांत्रिकी अहवाल यांत हा प्रश्न हमखास येतो. ठिपके झालेले चित्र मोठे केले की छपाईवाले म्हणतात, ‘इमेज फाटली’.

वेक्टर चित्र म्हणजे बिंदूंचे निर्देशांक आणि ते जोडण्याच्या सूचना. पीडीएफच्या पानात ‘या बिंदूवर जा, तिथून इथवर रेषा ओढ, हा वक्र काढ, आता रंग भर’ अशा आज्ञा असतात. मोजमापाचे मूळ एकक म्हणजे इंचाचा 72 वा भाग. पान कितीही मोठे केले तरी ती रेषा दर वेळी नव्याने काढली जाते. रास्टर, म्हणजे ठिपक्यांच्या, चित्रात ठिपके मोजकेच असतात. पाच इंच रुंदीचा आलेख पडद्याच्या हिशेबाने, इंचाला 96 ठिपके धरून साठवला, तर रुंदीत 480 ठिपके मिळतात. छपाईच्या 300 च्या हिशेबाने 1500 लागतात. असा आलेख 800 टक्क्यांवर पाहिला की तिरक्या रेषेच्या कडेला करड्या पायऱ्या दिसतात आणि अक्षावरचा 3 की 8 हे ओळखता येईनासे होते.

याचा दोष पीडीएफला देतात, तो अन्याय आहे. ॲडोबीने 1993 मध्ये आणलेले हे स्वरूप पोस्टस्क्रिप्टच्या, म्हणजे छपाईच्या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेच्या, वंशातले. वेक्टर त्याच्या हाडामांसात आहे. चित्र बिघडते ते बहुधा त्याआधी, दस्तऐवजात शिरतानाच. पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला किंवा पेस्ट करताना ‘चित्र’ म्हणून पीएनजी हे ठिपक्यांचे स्वरूप निवडले, की रेषा तिथेच संपल्या. पुढे निर्यातीच्या कितीही खिडक्या उघडल्या तरी त्या परत येत नाहीत. लिबरऑफिसच्या पीडीएफ खिडकीत जेपेग दर्जा आणि ठिपक्यांची घनता बदलता येते. पुष्कळ जण तिथेच तासन्‌तास घालवतात. त्या दोन्ही गोष्टी फक्त रास्टर चित्रांना लागू पडतात.

म्हणून खरा निर्णय चित्र कोणत्या स्वरूपात आणायचे हा. एसव्हीजी हे वेक्टर स्वरूप ही आजची चांगली निवड. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्या ते स्वीकारतात आणि फाइलमध्ये सोबत एक पीएनजी प्रतही ठेवतात. एसव्हीजी न कळणाऱ्या जुन्या आवृत्तीत ती फाइल उघडली तर पीएनजीच दिसते, आणि तिथून काढलेल्या पीडीएफमध्येही तीच जाते. विंडोजवर ईएमएफ या वेक्टर स्वरूपाचा जुना मार्ग अजून उपयोगी आहे, मात्र पारदर्शक रंगांचा त्यात निभाव लागत नाही. ईपीएस या पोस्टस्क्रिप्टवर आधारलेल्या चित्र-स्वरूपावर आता विसंबू नये. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून 2017 मध्ये ऑफिसमधला ईपीएसचा आधार बंद केला. लिबरऑफिसच्या मदतपानांनुसार ईपीएसमध्ये पूर्वदृश्य असेल तर पीडीएफमध्ये तेवढेच जाते, नसेल तर रिकामी चौकट. एक्सेलचा आलेख मात्र आलेख म्हणूनच वर्डमध्ये ठेवावा. आकृतीला दिलेली धूसर सावली किंवा चकाकी निर्यातीत ठिपक्यांत बदलू शकते; शास्त्रीय आकृतीत ती नसलेलीच बरी.

मराठीत एक वेगळी अडचण आहे. आकृतीतल्या देवनागरी मजकुराची जोडणी एखाद्या प्रोग्रामला जमली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते, जोडाक्षरे हलन्तासकट सुटी होतात. ‘किल्ला’ वाचवत नाही. फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत नसेल तर चौकोन दिसतात. यावरचा डीटीपीवाल्यांचा उपाय म्हणजे ‘फाइल कर्व्ह करून द्या’: कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडून कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये वस्तूचा पाथ. अक्षरे बाह्यरेषा होतात, आकार पक्का राहतो. किंमत अशी की तो मजकूर शोधता येत नाही, कॉपी होत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. त्यामुळे कर्व्ह केलेल्या आकृतीखाली वर्णन द्यायलाच हवे, आणि मजकूर शाबूत असलेली मूळ फाइल वेगळी जपायला हवी.

दीर्घकालीन जतनासाठीच्या पीडीएफ/ए-1 या 2005 च्या मानकात पारदर्शकता चालत नाही. ग्रंथालयाने तेच मागितले असेल तर पारदर्शक छटांऐवजी भरीव रंग किंवा रेघांची भरण आधीच करून घ्यावी. 2011 च्या पीडीएफ/ए-2 मध्ये ती अडचण राहिली नाही.

पडताळणी सोपी आहे. पीडीएफ उघडून आकृतीवरचे सर्वांत बारीक अक्षर खूप मोठे करावे. कडा तुकतुकीत राहिली तर वेक्टर टिकले. पॉपलर या मुक्त संचातले ‘पीडीएफइमेजेस’ हे साधन फाइलमधल्या रास्टर चित्रांची यादीच देते. आपला आलेख त्या यादीत आला तर तो ठिपक्यांचा झाला आहे.

काही चित्रांना मात्र ठिपकेच शोभतात. छायाचित्रे तर आहेतच, पण लाखभर बिंदूंचा विखुरलेला आलेख वेक्टर ठेवला तर पान उघडताना संगणक अडखळतो आणि फाइल फुगते. तिथे बिंदूंचा थर 300 किंवा 600 च्या घनतेने रास्टर करावा. अक्ष, आकडे आणि नावे तेवढी वेक्टर ठेवावीत.