फोर्डाइटचा कॅबोशॉन: खडा वापरण्यापूर्वी वाचावयाची माहिती

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक कॅबोशॉनसोबत हे माहितीपत्रक देण्यामागे साधे कारण आहे. हा घुमटाकार खडा दिसायला अकीकासारखा असला तरी तो दगड नाही. मोटारींना मारलेल्या रंगाचे थर एकावर एक बसून आणि भट्टीत पुन्हा पुन्हा भाजून निघून जो घट्ट गोळा तयार झाला, त्यातून तो कापलेला आहे. दगडाला जे सोसते ते याला सोसत नाही, म्हणून तो कसा घडला, आम्ही तो कसा कापतो आणि तो कसा जपावा, हे कोंदणात बसवण्यापूर्वीच समजून घ्यावे अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रंगाचा खडा कसा झाला

फोर्डाइट हे नाव फोर्ड कंपनीवरून पडले, आणि डेट्रॉइट ॲगेट हे दुसरे नाव अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट या मोटारींच्या शहरावरून. इतर मोटार कंपन्यांच्या कारखान्यांतही असाच माल तयार झाला आणि आज तोही सरसकट याच नावाने ओळखला जातो. त्या काळी कामगार गाडीवर स्प्रे गनने, हाताने रंग मारत असत. फवाऱ्यातला बराचसा रंग गाडीवर न बसता आजूबाजूला उडे आणि गाडी ज्या लोखंडी घोड्यांवर व रुळांवरून पुढे सरके त्यांच्यावर जाऊन बसे. गाडी भट्टीत गेली की हा रंगही तिच्याबरोबर भाजून कडक होई. पुढची गाडी वेगळ्या रंगाची असे, तिचा थर आधीच्या थरावर चढे आणि तोही भाजला जाई. अशा शेकडो फेऱ्या झाल्यावर रंगाचा गोळा इतका जाड होई की कामात अडथळा येऊ लागे, तेव्हा तो तोडून काढावा लागे. बहुतेक माल कचऱ्यात गेला. काही कामगारांनी त्यातले तुकडे घरी नेले, घासून पाहिले, आणि आत काय दडले आहे ते त्यांच्यामुळे जगाला कळले.

रंग सतत बदलत राहिले म्हणून हे पट्टे उमटले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. त्या गाड्यांवरून उडालेल्या रंगाचे कितीही थर साचले असते, तरी कापल्यावर काळा गोळाच हाती आला असता. पुढे रंगाला विद्युतभार देऊन तो गाडीकडे ओढून घेण्याची फवारणी आली, हाताच्या जागी यंत्रे आली, वाया जाणारा रंग कमी झाला आणि नवे गोळे साचणे जवळजवळ थांबले. आम्ही जो माल कापतो तो जुन्या साठ्यांतला आहे. म्हणूनच कापताना वाया जाणारा प्रत्येक मिलिमीटर आम्हाला खटकतो.

कोणत्या दिशेने कापावे

आमच्या कामातला सर्वांत मोठा निर्णय करवत लावण्याआधीच घ्यावा लागतो. गोळा थरांना आडवा छेद देऊन कापला, तर वहीच्या बाजूने पाने दिसावीत तसे एकाखाली एक सरळ पट्टे दिसतात. थरांना समांतर चकती काढून तिच्यावर घुमट घासला, तर वरचे थर मध्यभागापासून बाहेरच्या बाजूला एकेक करून उघडे पडत जातात आणि नकाशावरील समोच्च रेषांसारखी वर्तुळे तयार होतात. मूळ गोळ्यावर रंग ओघळून जेथे फुगवटे आले असतील, तेथे याच पद्धतीने डोळ्यांसारखी लहान लहान वलये उमटतात. आम्हाला स्वतःला हीच पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यात फवाऱ्याचा एकेक हात वेगळा वाचता येतो.

घुमटाचा उतार किती ठेवावा, हा यातला नाजूक भाग आहे. समजा एक थर ०.०५ मिलिमीटर जाडीचा आहे. घुमटाच्या माथ्याजवळ, जेथे उतार अवघा ५ अंशांचा असतो, तेथे तोच थर सुमारे ०.५७ मिलिमीटर रुंद दिसतो, ३० अंशांच्या उतारावर तो ०.१ मिलिमीटर दिसतो आणि काठाजवळच्या ६० अंशांच्या उतारावर त्याची केसासारखी रेघ होते. त्यामुळे बसका घुमट रंगांचे रुंद, शांत पट्टे दाखवतो, तर उंच घुमटात वर्तुळांची दाटी होते. तुमच्या खड्याच्या मध्यभागी एखाद्या रंगाचा मोठा ठिपका असून काठाकडे रेघा एकमेकींना चिकटलेल्या दिसत असतील, तर त्याचे कारण हे आहे. घासणे कोठे थांबवायचे, तेही इथेच ठरते. माथ्यावर सुंदर निळा थर नुकताच उघडा पडलेला असतो आणि वॉटर पेपरचे आणखी चार हात फिरवले तर तो निघून खालचा करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधी मारलेला अस्तराचा थर, वर येतो. गेलेला थर परत आणता येत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात आम्ही दर काही हातांनंतर खडा धुऊन, पुसून, तिरप्या उजेडात पाहतो.

कापणे, घासणे आणि जिल्हई

या कामात उष्णता हा सर्वांत मोठा शत्रू आहे. रंग तापला की मऊ पडतो, चाकाला चिकटतो आणि एका थराचा रंग दुसऱ्यावर ओढला जातो. त्यामुळे गोळा बारीक दात्यांच्या करवतीने, पाणी सोडत, सावकाश कापला जातो. अकीकासाठी वापरतात ते भरड चाक येथे चालत नाही. आम्ही वॉटर पेपरच्या २२० क्रमांकापासून सुरुवात करतो आणि ४००, ६००, १२००, ३००० असे अधिकाधिक बारीक कणांकडे चढत जातो, हे सारे ओल्यानेच. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जात नाही, कारण मऊ पृष्ठभागावर राहिलेला एक भरड ओरखडा जिल्हई दिल्यावर अधिकच उठून दिसतो. शेवटी नमद्याच्या किंवा चामड्याच्या चाकावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची ओली पूड लावून, हलक्या दाबाने चकाकी आणली जाते.

दगडाचे काम करणारे कारागीर खडा धरण्यासाठी तो गरम लाखेने काडीवर चिकटवतात. सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही तसेच केले. लाल आणि पांढऱ्या थरांचा एक देखणा तुकडा लाखेच्या उष्णतेने मधोमध उलला आणि त्याची वहीसारखी दोन पाने झाली. तेव्हापासून आम्ही खडा थंड चिकटपट्टीने धरतो किंवा सरळ बोटांत धरून घासतो.

गोळ्यात हवेचे बुडबुडे, अडकलेली धूळ आणि थरांमधल्या फटी असणे स्वाभाविक आहे. लहान छिद्रे आम्ही पातळ सायनोॲक्रिलेट गोंदाने भरून पुन्हा घासतो, आणि पातळ चकतीला मागून काळ्या इपॉक्सीचा आधार देतो. असे काही केले असल्यास ते तुमच्या पाकिटावर लिहिलेले असते. खड्याच्या दर्शनी बाजूवर मात्र आम्ही पारदर्शक लेप चढवत नाही. लेपाने चकाकी झटपट येते, पण काही काळाने त्यावर ओरखडे पडतात आणि मग खड्याला हात लावण्याऐवजी लेपच पुन्हा पुन्हा काढावा लागतो. रंगाची स्वतःची जिल्हई जरा सौम्य असली तरी तीच खरी, असे आमचे ठाम मत आहे.

अस्सल कसा ओळखावा

रंगीत राळेचे थर ओतून केलेले खडेही या नावाने विकले जातात. अस्सल तुकड्यात थरांची जाडी एकसारखी नसते. एक थर जाड असतो, दुसरा मध्येच विरतो, अधूनमधून प्रायमरची करडी रेघ येते, कोठे फवाऱ्याचे सुटे थेंब दिसतात, तर कोठे धातूच्या कणांनी चमकणारा पट्टा असतो. सगळे थर समान जाडीचे आणि रंगांचा क्रम ठरावीक अंतराने पुन्हा तोच येत असेल, तर विचारपूस करावी. तापलेली सुई टोचून परीक्षा करू नये. त्यातून खड्याला डाग पडण्याखेरीज काहीही निष्पन्न होत नाही, कारण रंग आणि राळ दोन्ही उष्णतेने खराब होतात.

धुळीबद्दल

जुन्या मोटारींच्या रंगांत शिशाची आणि क्रोमियमची संयुगे वापरली जात. पिवळ्या आणि केशरी छटांसाठी लेड क्रोमेट हे नेहमीचे द्रव्य होते. कोणत्या थरात काय आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक गोळ्यात शिसे आहे असे धरूनच आम्ही काम करतो. ओल्याने घासणे, योग्य गाळणीचा मास्क लावणे आणि गाळ मोरीत न सोडता वेगळा साठवणे हा आमचा कायमचा नियम आहे. धोका मुख्यतः धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे पोटात जाण्याचा आहे. म्हणून हा खडा घरी कोरडा घासू नये, त्याला भोक पाडू नये आणि वस्तू तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या हाती तो देऊ नये. अंगठी किंवा लोलकासाठी मागची बाजू धातूने बंद असलेले कोंदण आम्ही सुचवतो.

वापर आणि जपणूक

अकीक पोलादी पात्यालाही दाद देत नाही, पण या खड्यावर साध्या सुरीचाही ओरखडा उठतो. त्यामुळे रोजच्या अंगठीपेक्षा लोलक, कानातले किंवा ब्रोच यांत तो अधिक टिकतो. अंगठीच हवी असेल तर काठ खड्यापेक्षा थोडा उंच राहील असे कोंदण करून घ्यावे. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन, अत्तर आणि अल्कोहोल असलेली द्रव्ये त्यापासून दूर ठेवावीत. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच पुरेसे आहे. वाफेचे किंवा अल्ट्रासोनिक सफाई यंत्र वापरू नये. खडा उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना सोनारासाठी आहे. आमच्या एका ग्राहकांनी अंगठी सैल करण्यासाठी दिली, आणि कारागिराने दगडच समजून खडा न काढता झाळकामासाठी गॅसच्या ज्योतीचा टॉर्च लावला. अंगठी आमच्याकडे आली तेव्हा खड्याच्या काठावर फोड उठले होते आणि वरचे थर सुरकुतले होते. त्या कारागिराचा आम्हाला दोष वाटत नाही, कारण हा पदार्थ काय आहे हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. झाळण्याचे, मापाचे आणि तेजाबात बुडवण्याचे सर्व काम खडा बाहेर काढून पूर्ण करावे आणि खडा अगदी शेवटी, हलक्या हाताने बसवावा. या प्रसंगानंतर प्रत्येक पाकिटात आम्ही त्याच गोळ्याची एक न घासलेली कपची ठेवू लागलो. ती दागिन्याबरोबर सोनाराकडे द्यावी, आणि कोणताही गोंद किंवा पॉलिश खड्याला लावण्याआधी त्या कपचीवर लावून एक दिवस पाहण्यास त्यांना सांगावे.