कागदी नाव

कागदी नाव : अमेरिकेत गेलेल्या चिनी कुटुंबांनी प्रवेशबंदीच्या काळात (१८८२–१९४३) सरकारी कागदांपुरती घेतलेली खोटी ओळख. दुसऱ्याच कुणाचा मुलगा म्हणून देशात शिरलेल्या माणसाला ‘पेपर सन’, म्हणजे ‘कागदी मुलगा’ म्हणत. कागदी मुलीही आल्या, पण त्या मोजक्याच. कागदापुरते घेतलेले हे नाव पुढे मुलानातवंडांचे आडनाव होऊन बसले आणि खरे आडनाव घरातल्या मोठ्यांच्या पोटात राहिले. अमेरिकेत जन्मलेल्या पिढीने, विशेषतः मुलींनी, आईला विचारून आणि सरकारी फायली उघडून हा गुंता सोडवायला घेतला तो साधारण १९७०नंतर. चिनी आया जुन्या गोष्टी बोलत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते आणि त्याचा दोष संस्कृतीवर टाकला जातो. पण तोंड उघडले तर घरातला कर्ता माणूस हद्दपार होईल, अशी परिस्थिती असल्यावर कोणत्या देशातली बाई बोलली असती?

कॅलिफोर्नियात १८४८मध्ये सोने सापडले, त्यानंतर तेथे गेलेले बहुतेक चिनी ग्वांगदोंग प्रांतातल्या पर्ल नदीच्या मुखाजवळचे, त्यातही ताइशान आणि आसपासच्या तालुक्यांतले होते. त्यांच्या बोलीत अमेरिका म्हणजे ‘गाम सान’, सोन्याचा डोंगर. आधी खाणी, मग रेल्वे, मग शेती आणि धोबीकाम. मजूर हवे होते, त्यांचे संसार नको होते. १८७५च्या पेज कायद्याने वेश्याव्यवसायासाठी आणलेल्या स्त्रियांना बंदी केली, पण हाँगकाँगमध्ये जहाजावर चढण्याआधी प्रत्येक चिनी बाईच्या चारित्र्याची चौकशी होऊ लागल्याने साध्या गृहिणींनीही येणे सोडले. १८८२च्या कायद्याने मजुरांना बंदी केली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, मुत्सद्दी आणि प्रवासी तेवढे वगळले. मजुराची बायको मजुरातच मोजली गेली. १८९०च्या जनगणनेत अमेरिकेतल्या चिन्यांत दर बाईमागे सुमारे २७ पुरुष होते. बायका गावीच राहिल्या. त्यांना ‘गाम सान पो’, सोन्याच्या डोंगराची बायको, म्हणत. नवरा डॉलर पाठवी, दहा-दहा वर्षांनी एकदा येई. कपाळी कुंकू असून वैधव्य म्हणतात तसलाच हा प्रकार.

कायद्यात फट सापडली ती न्यायालयामुळे आणि आगीमुळे. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क याच्या खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी आईबापांचा मुलगाही अमेरिकन नागरिकच. नागरिकाची परदेशात जन्मलेली मुलेही नागरिक ठरत. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, पाठोपाठ शहर पेटले आणि जन्मनोंदी जळून गेल्या. मग ‘माझा जन्म इथलाच’ असे कुणी म्हटले तर ते खोटे ठरवणार कसे? असा नागरिक गावी जाऊन परतला, की मुलगा झाल्याची नोंद करी. मुलगा झाला असो वा नसो, कागदावर एक जागा तयार होई. ही जागा पुढे भावकीत, गावात किंवा दलालामार्फत विकली जाई. मुलाच्या वयाच्या दर वर्षामागे साधारण १०० डॉलर असा भाव सांगितला जातो. गरज पडे ती मुलग्यांची, कमावत्या हातांची. म्हणून कागदावर जन्मणारी मुलेही जवळपास सगळी मुलगेच असत. या सगळ्या जबान्या खऱ्या मानल्या तर इथल्या प्रत्येक चिनी बाईला शेकडो मुलगे झाले असले पाहिजेत, असा शेरा तेव्हा एका न्यायाधीशाने मारला होता.

सरकारचे उत्तर म्हणजे उलटतपासणी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या एंजल बेटावरचे तपासणी ठाणे २१ जानेवारी १९१० रोजी सुरू झाले आणि १९४० साली आगीनंतर बंद पडले. जपानी, कोरियन आणि काही हिंदी प्रवासीही तेथे अडकवले गेले. पण सर्वांत लांब मुक्काम चिन्यांचा असे. आठवडे, महिने, काहींचे तर वर्षाहून अधिक. पुरुष वेगळ्या बराकीत, बाया वेगळ्या. पुरुषांनी भिंतींवर चिनी कविता कोरल्या. त्या १९७० साली एका वनरक्षकाच्या नजरेस पडल्या आणि पाडायला काढलेली इमारत वाचली.

उलटतपासणीतले प्रश्न असे : तुमच्या घराला पायऱ्या किती? तांदळाचा रांजण कोणत्या खोलीत? तुमच्या ओळीत घरे किती, तिसऱ्यात कोण राहते? विहीर कुठे? आईचे पाय बांधलेले की मोकळे? हेच प्रश्न बापाला, भावांना, साक्षीदारांना वेगवेगळे विचारून उत्तरे ताडून पाहत. मेळ बसला नाही तर परतीचे जहाज. म्हणून पाठांतराच्या वह्या निघाल्या. त्यांत गावाचा नकाशा, नातलगांची नावे, जनावरांपर्यंतचा तपशील असे. वाटेत घोकून वही समुद्रात टाकायची. आपल्या घराच्या पायऱ्या कुणी मोजून ठेवत नाही, त्यामुळे सख्ख्या मुलालाही ही घोकंपट्टी चुकत नसे. ज्याच्या खटल्याने जन्मसिद्ध नागरिकत्व मिळाले त्या वाँग किम आर्कचा थोरला मुलगा म्हणून १९१० साली आलेल्या तरुणालाही उत्तरे जुळली नाहीत म्हणून परत धाडण्यात आले.

बायकांची ओळख मात्र कागदी नावाशिवायही पुसली जात होती. चीनमध्ये लग्नानंतर बाई माहेरचे आडनाव सोडत नाही. विवाहितेचा उल्लेख माहेरचे आडनाव आणि पुढे ‘शी’ असा करतात. ‘लिऑंग शी’ म्हणजे लिऑंगांची लेक. अमेरिकन कारकुनाने ‘शी’ हेच तिचे नाव समजून नोंदवले. त्यामुळे जुन्या फायलींत वाँग शी, ली शी, चिन शी अशा बायकांची रांग दिसते आणि त्यांच्यात नात्यागोत्याचा संबंध नसतो. गावाकडची वंशावळही त्यांना फारशी दयाळू नव्हती. तीत मुलगे पिढीवार मांडलेले, सुना केवळ आडनावाने आणि मुली बहुधा नाहीतच. एका बाजूला कुळाचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला सरकारी फाईल, आणि दोन्हींत बाईच्या नावाच्या जागी एक प्रत्यय.

या शोधाचे चांगले उदाहरण इतिहासकार ज्युडी युंग (१९४६–२०२०) यांच्या घरचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वाढलेल्या युंग यांचे खरे आडनाव युंग नव्हे, टॉम. वडील टॉम यिप जिंग १९२१ साली ‘युंग हिन सेन’ या कागदी नावाने आले आणि त्याच नावाने जगले. पणजी लिऑंग शी १८९३मध्ये आलेली. आई ज्यू लॉ यिंग १९४१मध्ये आली, आणि तिलाही नवऱ्याने पाठवलेली पाठांतराची वही घोकावी लागली. म्हणजे संसार थाटण्यासाठी बाईने नवऱ्याचे खोटे बापजादे पाठ करायचे. युंग यांनी ती वही, आईच्या व पणजीच्या सरकारी जबान्या आणि आईने त्यांना स्वतः सांगितलेली हकीकत शेजारी शेजारी ठेवली. त्यांतला फरक त्यांनी चूक म्हणून खोडला नाही. इतिहास म्हणून वाचला. त्यांच्या कामाचा खरा कस इथेच दिसतो.

१९४३मध्ये बंदी उठली, पण चिन्यांसाठी वर्षाला १०५ एवढाच कोटा मिळाला. बायका मोठ्या संख्येने आल्या त्या महायुद्धानंतर, सैनिकांच्या आणि नागरिकांच्या पत्नींना कोट्याबाहेर प्रवेश मिळाल्यावर. तोवर चीनमध्ये १९४९ची क्रांती झाली आणि अमेरिकेतल्या प्रत्येक चिन्याकडे कम्युनिस्ट म्हणून पाहिले जाऊ लागले. १९५६मध्ये सरकारने ‘कबुली’ योजना आणली : खरे सांगा, पात्र असाल तर राहू देऊ. मेख अशी, की एकाने कबुली दिली की कागदावरचा बाप, भाऊ, पुतणे सगळेच उघडे पडत, आणि डाव्या विचारांच्या लोकांना कबुलीनंतर घालवून देण्याचा प्रयत्नही झाला. दहा हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली. अनेकांनी नंतरही कागदी नावच ठेवले, कारण दुकानाची पाटी आणि मुलांच्या शाळेचे दाखले त्याच नावाचे होते. समाजात आतल्या आत मात्र खरे नाव ठाऊक असे. असायलाच हवे होते. एकाच आडनावात सोयरीक करणे आपल्याकडच्या सगोत्र विवाहासारखे निषिद्ध, आणि ते टाळायचे तर खरे कूळ लक्षात ठेवणे भाग. मुलीला पहिल्यांदा सत्य कळे ते पुष्कळदा तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर.

१९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर तैवान, हाँगकाँग आणि पुढे चीनच्या सर्व भागांतून आलेल्या आयांना कागदी नावाची गरज उरली नाही. त्यांचे मौन निराळे : जपानी आक्रमण, यादवी, मागे राहिलेली माणसे. १९७९मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळल्यावर मायलेकी एकत्र गावी जाऊ लागल्या.

शोध घेणाऱ्यांसाठी मुख्य ठिकाण म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो येथील राष्ट्रीय अभिलेखागार. प्रवेशबंदीच्या काळातल्या फायली तेथे आहेत : जबान्या, छायाचित्रे, कधी गावाचे नकाशे, कधी पकडलेल्या पाठांतराच्या वह्या. घराण्यांना छळण्यासाठी विचारलेल्या प्रश्नांनीच त्या घराण्यांचा बारीक तपशील जपला. अर्थात त्यातला किती खरा हे फाईल सांगत नाही; त्यासाठी आईच लागते. इंग्रजी स्पेलिंगवरूनही काही हाती लागत नाही. एकच चिनी आडनाव चिन, चान, चेन असे तीन तऱ्हांनी लिहिलेले असते. म्हणून जाणकार पहिली सूचना देतात, की आईकडून आडनाव आणि गावाचे नाव चिनी अक्षरांत लिहून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९९१पासून तरुणांना असा शोध शिकवून गावापर्यंत नेणारा उपक्रम चालतो. तो उभारणाऱ्यांत इतिहासकार हिम मार्क लाय (१९२५–२००९) होते. लाय हे त्यांच्या वडिलांचे कागदी आडनाव. खरे आडनाव मार्क वडिलांनी मुलाच्या नावातच दडवून ठेवले.

कॅलिफोर्नियातल्या चिनी दफनभूमींत अशा कुटुंबांचे दगड ओळखू येतात. इंग्रजी अक्षरांत कागदी आडनाव असते आणि शेजारी चिनी अक्षरांत खरे. चिनी वाचता न येणाऱ्या मुली दर वसंतात छिंगमिंगच्या, म्हणजे पितरांच्या थडग्यांना भेट देण्याच्या, दिवशी त्यावर फुले वाहत आल्या आहेत.