वर्णपट-छायाचित्रणाने कॅमेऱ्यांची रंगतुलना
एकाच दिव्याचा वर्णपट निरनिराळ्या डिजिटल कॅमेऱ्यांनी टिपून कोणता कॅमेरा कोणत्या तरंगलांबीला कोणता रंग देतो, हे पडताळण्याची पद्धत. रंगतक्त्याच्या चाचणीपेक्षा ही अधिक कठोर आहे, कारण तक्त्यावरील प्रत्येक रंग अनेक तरंगलांबींचे मिश्रण असतो, तर वर्णपटात त्या सुट्या होऊन शेजारी-शेजारी पसरतात.

मांडणी साधी असते : अरुंद फट, विवर्तन ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग सुटे करणारी बारीक, समांतर रेघांची पट्टी) आणि अंधारी खोली. मुंबईतील अनेक महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळांत वर्णपटमापी, सोडियमचा आणि पाऱ्याचा दिवा ही सामग्री प्रात्यक्षिकांसाठी असतेच. टंगस्टनच्या बल्बपासून सलग पट्टा मिळतो, पाऱ्याच्या ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरच्या रेषांवरून त्याची मोजपट्टी ठरवता येते.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी योजलेली (पेटंट १९७६) लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी असते. कॅमेरा तरंगलांबी मोजत नाही; या तीन गाळण्यांतून आलेल्या प्रकाशाच्या प्रमाणावरून रंग ठरवतो. सोडियमची ५८९ नॅनोमीटरजवळची जोडरेषा डोळ्याला पिवळी दिसते, पण लाल व हिरव्या गाळण्या तेथे एकमेकींवर किती चढतात यावर छायाचित्रातली रेषा पिवळी येणार की नारिंगी, हे अवलंबून असते. या पट्ट्यात काही कॅमेरे हिरव्यावरून थेट लालवर उडी घेतात. जांभळ्या टोकाची परीक्षा तर याहून अवघड : तेथे डोळ्याला निळ्यासोबत किंचित लालीही जाणवते आणि लाल गाळणीने तेवढा प्रकाश सोडला नाही, तर जांभळ्याच्या जागी निव्वळ निळा उमटतो. लाल टोकाला अवरक्त किरण अडवणारी काच लवकर आड आली, तर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा फिकी पडते.

तुलना रॉ फाइलवरच (कॅमेऱ्याने रंगसंस्कार न केलेल्या मूळ नोंदीवरच) करावी. श्वेतसंतुलन (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळणी) सर्व कॅमेऱ्यांवर एकच ठेवावे आणि लाल, हिरवा वा निळा यांपैकी कोणताही रंगघटक कमाल मर्यादेला जाऊ देऊ नये. अतिप्रकाशित हिरवी रेषा पिवळट किंवा पांढरी दिसू लागते. शिवाय वर्णपटातील शुद्ध रंग संगणकाच्या नेहमीच्या एसआरजीबी (पडद्यांसाठीचे प्रमाणित रंगमान) रंगमर्यादेबाहेरचे असल्याने पडद्यावर दिसतात ते त्यांचे जवळचे पर्यायच.

मरीन ड्राइव्हवर २०१५ साली सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी लागले आणि त्यावरून शहरात वाद झाला. अशा पांढऱ्या एलईडीच्या वर्णपटात साधारण ४५० नॅनोमीटरला निळे शिखर, ४८० च्या आसपास खळगा आणि पुढे पिवळ्याचा रुंद उंचवटा असतो. त्यामुळे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेली तेथील जुनी-नवी रात्रचित्रे शेजारी ठेवली, तर त्यांतला किती फरक दिव्यांचा आणि किती कॅमेऱ्याचा, हे वर्णपटाच्या नोंदीशिवाय वेगळे काढता येत नाही.