अंतर एवढंच, मग फ्लाइटला इतका वेळ का लागतो?

गूगलवर दोन शहरांमधलं अंतर बघायचं, त्याला ९०० ने भागायचं आणि मग आम्हाला फोन करायचा की तिकिटावर तासभर जास्तीचा कसा काय, हे आमच्याकडे इतक्यांदा होतं की शेवटी म्हटलं एकदा लिहूनच देऊ.

ताशी ८५० ते ९०० किलोमीटरचा स्पीड असतो तो वर पोचल्यावर. तिकिटावरची वेळ मात्र विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची, म्हणजे रनवेपर्यंत जाणं, तिथली रांग, वर चढणं, उतरताना घिरट्या घालायला लागल्या तर त्या, सगळं त्यातच. शिवाय कंपन्या थोडा वेळ हातचा राखून ठेवतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेत पोचतं. जवळच्या प्रवासात हा जास्तीचा वेळ जास्त जाणवतो, ५०० किलोमीटरला भागाकार पाऊण तासही देत नाही पण तिकिटावर एक-सव्वा तास दिसतो, त्यात घोळ काही नाही.

अंतराचं म्हणाल तर ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजतात, सपाट नकाशावर पट्टी ठेवून नाही. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर. स्क्रीनवर विमान उगाच उत्तरेला वर चढून गेल्यासारखं दिसतं, पण खरा जवळचा रस्ता तोच आहे.

आता लंडनहून न्यूयॉर्कला जाताना ८ तास आणि येताना ७, असं का? वारा. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तर जास्तच जोर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं! पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो असं बरेच जण सांगतात, तसं नाहीये, हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते.

आणि रस्ताच बंद असेल तर? २०२२ मध्ये रशियाचं आकाश बऱ्याच कंपन्यांना बंद झाल्यावर टोकियो-लंडन फ्लाइट १२ तासांवरून १४ तासांच्या आसपास गेली, शहरं होती तिथेच आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा. तिकिटावर निघायची वेळ निघता त्या शहरातली आणि पोचायची वेळ पुढच्या शहरातली, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. टोकियोहून रात्री ९ ला निघून ७ तासांनी होनोलुलूला उतरलात तर तिथे त्याच तारखेला सकाळचे ९ वाजलेले असतात, दोन्हीत १९ तासांचा फरक आहे. हॉटेल बुक करताना ही तारीख नीट बघा, इथे लोक हमखास एका रात्रीचा घोळ करतात.

डायरेक्ट लिहिलेली फ्लाइट मधे एखाद्या एअरपोर्टवर उतरू शकते, विमान कुठेच थांबायला नको असेल तर आम्हाला नॉनस्टॉप म्हणूनच सांगा. आणि पुढची फ्लाइट वेगळ्या तिकिटावर असेल तर मधे भरपूर वेळ ठेवा, पहिली लेट झाली म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही, बदलूनही देईलच असं नाही. अशी दोन तिकिटं स्वतः काढणार असाल तर पैसे भरायच्या आधी दोन्हींच्या वेळा आम्हाला व्हॉट्सअॅप करा, बघून सांगतो.