वर्णपट मोजणारे छोटे यंत्र : किट जोडण्यापूर्वी वाचावे असे काही

हे किट जोडून झाले की तुमच्या हातात तळहाताएवढे एक यंत्र येईल. ते समोरच्या प्रकाशात निळा किती, हिरवा किती, तांबडा किती हे आकड्यांत सांगेल. त्याचे काम कसे चालते आणि आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा, हे ग्राहकांना नीट कळावे म्हणून हे पत्रक.

यंत्राचा जीव म्हणजे एएस७३४१ ही चिप. जेमतेम ३ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद. तिच्यात प्रकाश टिपणारे बारीक ठिपके आहेत आणि ठिपक्यांवर वेगवेगळे फिल्टर बसवलेले आहेत. दृश्य प्रकाशासाठी आठ चॅनेल, प्रत्येकाची तरंगलांबी (प्रकाशाचा रंग ठरवणारे माप) अशी: ४१५, ४४५, ४८०, ५१५, ५५५, ५९०, ६३० आणि ६८० नॅनोमीटर. शिवाय फिल्टर नसलेला एक चॅनेल आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशासाठी एक.

प्रत्येक चॅनेल साधारण २५ ते ५० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा पाहतो. त्यामुळे पाऱ्याच्या दिव्याची ५४६ नॅनोमीटरची बारीक हिरवी रेघ या यंत्राला रेघ म्हणून दिसणार नाही, ती ५५५ च्या पट्ट्यात मिसळून जाईल. तुम्हाला रेघाच पाहायच्या असतील तर हे किट घेऊ नका. डीव्हीडीचा तुकडा, एक अरुंद फट आणि वेबकॅम यांतून बनवलेला वर्णपटदर्शक त्या कामाला अधिक चांगला. डीव्हीडीवरचे चर एकमेकांपासून ०.७४ मायक्रोमीटरवर असतात आणि ते प्रकाश छान फाकवतात. आमचे किट तुलनेसाठी आहे: हा दिवा आणि तो दिवा, कोवळे पान आणि जून पान, रंगाचा आजचा घाणा आणि कालचा.

जोडणी

चारच वायरी आहेत: वीज, ग्राउंड, डेटा आणि क्लॉक. चिप स्वतः १.८ व्होल्टवर चालते, पण तिच्या बोर्डावर व्होल्टेज खाली आणणारा रेग्युलेटर बसवलेला आहे, म्हणून ३.३ व्होल्ट थेट द्यायला हरकत नाही. सुटी चिप वेगळी विकत घेतली असेल तर मात्र असे करू नका, ती जळेल. जोडणी झाली की आधी आय-टू-सी स्कॅनचा (डेटा आणि क्लॉकच्या वायरींवर कोणत्या पत्त्यावर चिप उत्तर देते ते शोधणारा) प्रोग्रॅम चालवा. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ३९ हा पत्ता दिसला की जोडणी बरोबर आहे. दिसला नाही तर डेटा आणि क्लॉकची अदलाबदल झाली आहे का ते पाहा. पिना नुसत्या भोकांत खोचून ठेवल्या असतील तर त्या सोल्डर करून घ्या.

पांढरी चकती काढू नका

डबीच्या तोंडावर पांढऱ्या टेफ्लॉनची चकती आहे. ती काढली की आकडे एकदम वाढतात, म्हणून ती काढून टाकण्याचा मोह होतो. पण चिपवरचे फिल्टर समोरून येणाऱ्या प्रकाशासाठी बनवलेले आहेत. प्रकाश तिरका आला की फिल्टरची खिडकी लहान तरंगलांबीकडे सरकते आणि ५९० चा चॅनेल खरोखर ५९० चा राहत नाही. चकती प्रकाश सगळीकडे सारखा पसरवते. दिवा जरा बाजूला सरकला तरी मोजमाप भलतीकडे जात नाही, ते तिच्यामुळेच.

कच्च्या आकड्यांचा आलेख काढू नका

या पत्रकातला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. आठही चॅनेलची संवेदनशीलता सारखी नसते. त्यामुळे ६८० चा आकडा ४१५ पेक्षा मोठा आला एवढ्यावरून दिव्यात तांबडा जास्त आहे असे ठरत नाही. वस्तूचा रंग मोजताना तीन वाचने घ्या: एक डबीचे तोंड पूर्ण झाकून, एक पांढऱ्या संदर्भावर, एक वस्तूवर. संदर्भ म्हणून नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, अनेक थर देऊन, उत्तम चालते. मग वस्तूच्या आणि संदर्भाच्या आकड्यांतून झाकलेले वाचन वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. आलेख या गुणोत्तरांचा काढायचा. तिन्ही वेळा दिवा, अंतर आणि कोन तोच हवा. एक बोटभर अंतर बदलले तरी हिशेब चुकतो, म्हणून वस्तू हातात धरू नका, तिला ठरलेली जागा करून द्या.

वेळ आणि गेन

विजेवरचे बरेच दिवे लुकलुकतात: ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झवर १२० वेळा. मोजण्याचा काळ १०० मिलिसेकंद ठेवला तर दोन्हीकडे लुकलुकीची पूर्ण आवर्तने त्यात बसतात. त्यासाठी मोजण्याचा काळ ठरवणाऱ्या दोन सेटिंगांत एटाइम २९ आणि एस्टेप ११९८ भरा; चिप दोन्हींत एक मिळवून गुणाकार करते. एक पायरी २.७८ मायक्रोसेकंदांची असते, ३० गुणिले ११९९ म्हणजे ३५,९७० पायऱ्या, आणि काळ जवळजवळ नेमका १०० मिलिसेकंद. या सेटिंगमध्ये कोणत्याही चॅनेलचा आकडा ३५,९७० च्या वर जाऊ शकत नाही. तिथे अडकला तर गेन (चिप संकेत किती पट वाढवते ते) कमी करा, ते वाचन टाकून द्या.

चिपमध्ये एका वेळी सहाच मापके असल्यामुळे सगळे चॅनेल दोन फेऱ्यांत वाचले जातात. मधल्या क्षणात सूर्यावर ढग आला तर अर्धा वर्णपट उजेडातला आणि अर्धा सावलीतला निघतो. बाहेर मोजताना सलग बरीच वाचने घ्या.

पहिला प्रयोग

हिरवे पान घ्या, पण ते पांढऱ्या एलईडीखाली नव्हे, उन्हात किंवा हॅलोजनखाली मोजा. पांढऱ्या एलईडीत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो चॅनेल काहीच सांगणार नाही. उन्हात ५५५ ला छोटा उंचवटा दिसेल, ६८० ला हरितद्रव्याने प्रकाश शोषल्यामुळे खड्डा दिसेल आणि अवरक्त चॅनेलला गुणोत्तर एकदम वर चढेल. हॅलोजन वापरलात तर प्लॅस्टिकची डबी त्याच्या फार जवळ नेऊ नका, ती वितळते.

काही अडले तर आम्हाला जरूर लिहा. सोबत तिन्ही वाचनांचे कच्चे आकडे, गेन, एटाइम, एस्टेप आणि मांडणीचा एक फोटो पाठवा. नुसत्या आलेखावरून दोष शोधता येत नाही.