फोटो कुठे बिघडला, ते दिव्याला विचारा

मलबार हिलच्या उतारावरून टिपलेला मरीन ड्राइव्हचा रात्रीचा फोटो कुणी पुढे केला, की 'वा' म्हणण्याआधी तो मोठा करून नरिमन पॉइंटच्या बाजूचे दिवे बघावेत. फोनच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात. भिंतीवर लावायला मोठा प्रिंट काढला, की काहीतरी बिनसलंय हे कळतं. नेमकं काय बिनसलंय, हे त्या दूरच्या दिव्यांच्या आकारावरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

रस्त्यावरच्या दिव्याचं तोंड समजा ६० सेंटिमीटर रुंद आहे आणि तो आपल्यापासून २ किलोमीटरवर आहे. २४ मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पडणारी त्याची प्रतिमा जेमतेम ७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यातला एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो. म्हणजे सगळं जागच्या जागी असेल, तर तो दिवा एक-दोन पिक्सेलांत मावायला हवा. तो लांबट, पसरट किंवा दुहेरी दिसत असेल, तर ते जास्तीचं सगळं लेन्सनं, हातानं, वाऱ्यानं नाहीतर हवेनं घातलेलं असतं. खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीची पारख ताऱ्याच्या ठिपक्यावरून करतात, ती अशीच. फक्त पारखायला मंद दिवा निवडावा. भडक दिव्याचा ठिपका प्रकाशाच्या अतिरेकानंच फुगतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सगळे दिवे एकाच दिशेला ओढले गेले असतील, तर कॅमेरा हलला. मध्यभागचे दिवे ठीक आणि कडेचे कमानीसारखे वळलेले असतील, तर बटण दाबताना तो एका अंगाला कलला. किती हललं की दिसतं? वरच्याच लेन्सचं गणित मांडलं, तर अंशाच्या सत्तराव्या भागाएवढं वळणं पुरतं. तेवढ्यात प्रतिमा एक पिक्सेल सरकते. आपला हात स्थिर आहे असं वाटतं, तेव्हाही तो सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरत असतो. फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा असा, की २४ मिलिमीटरची लेन्स हातात धरायची तर शटर १/२५ सेकंदापेक्षा संथ नको. आयएसओ (सेन्सरचा संकेत किती मोठा करायचा तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं भोक) एफ/८ ठेवलं, तर उजळलेल्या शहरालाही रात्री ८-१० सेकंद लागतात. तिथे हाताचा विषयच संपला.

मग ट्रायपॉड. पण ट्रायपॉडवर ठेवला म्हणजे कॅमेरा स्थिर झाला, हा समज काही खरा नाही. उंची हवी म्हणून मधला दांडा वर काढला, की तीन पायांवरचा कॅमेरा एका काठीवर येतो. सगळ्यात खालचे पाय सगळ्यात बारीक असतात, ते शेवटी उघडावेत. समुद्रावरच्या वाऱ्यात कॅमेऱ्याचा पट्टा फडफडत राहिला, तर तेवढाही धक्का पुरेसा होतो. तो काढून खिशात घालावा. फ्लायओव्हरवर किंवा रेल्वेच्या पादचारी पुलावर उभे असाल, तर प्रत्येक बस आणि प्रत्येक लोकल पुलाला हलवते, आणि त्यावर महागडा ट्रायपॉडही काही करू शकत नाही. त्यापेक्षा मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रुंद कठडा चांगला. त्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून कॅमेरा टेकवला, तर बऱ्याच हलक्या ट्रायपॉडांपेक्षा तो स्थिर बसतो. बटण बोटानं दाबण्याऐवजी २ सेकंदांचा टायमर लावावा. झूम लेन्स असेल तर १० सेकंदांचा. आणि कॅमेरा असा टेकवल्यावर स्थिरीकरण, म्हणजे हाताचं हलणं भरून काढणारी यंत्रणा, बंद करावं. नसलेलं हलणं शोधत काही जुन्या यंत्रणा स्वतःच प्रतिमा हलवत बसतात.

दिवा रेषेसारखा नसून गोल चकतीएवढा झाला असेल, तर दोष फोकसचा. ऑटोफोकसला उजेड-अंधाराच्या स्पष्ट कडा लागतात. काळ्या पाण्यावर किंवा आकाशावर त्या नसतात, मग लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि कुठेतरी थांबते. लेन्सवरची अनंताची खूण गाठली म्हणजे झालं, असंही नाही. बहुतेक ऑटोफोकस लेन्स त्या खुणेच्या थोड्या पलीकडेही फिरतात. खात्रीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर दूरचा दिवा दहापट मोठा करायचा, रिंग हळू फिरवत ठिपका लहानात लहान होईल तिथे थांबायचं आणि मग फोकस मॅन्युअलवर टाकून विसरून जायचं.

कोपऱ्यांतल्या दिव्यांना पंख फुटतात, तो लेन्सचा दोष. त्याला कोमा म्हणतात. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना काचेच्या कडेकडून आत येणारे किरण मधल्या किरणांशी नीट जुळत नाहीत. दोन-तीन पायऱ्या बंद केलं, की पंख गळतात. म्हणून काहीजण थेट एफ/२२ गाठतात (आकडा मोठा, तितकं भोक लहान) आणि नवीनच पंचाईत ओढवून घेतात. छोट्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो. हिरव्या प्रकाशाचा ठिपका एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉनचा होतो, एफ/२२ ला ३० मायक्रॉनचा, म्हणजे पाच पिक्सेल रुंद! दिव्यांभोवती चांदणीसारखी किरणं फुटतात तीही याच पसरण्यामुळे. अ‍ॅपर्चरची पाती सहा असतील तर सहा किरणं, सात असतील तर चौदा. ती दिसायला सुरेख, पण त्यांच्यासाठी सगळ्या इमारतींची धार बोथट करणं मला पटत नाही. एफ/८ च्या आसपास दोन्ही दोष आटोक्यात राहतात.

याच्या जोडीला एक भूत. आकाशात, फोटोच्या केंद्रापलीकडे बरोबर समोरासमोर, दिव्यांची उलटी फिकट माळ दिसली, तर लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा. सेन्सरवरून परतलेला प्रकाश त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो.

दिव्यांच्या रंगाचाही या स्पष्टतेशी संबंध आहे. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा क्वीन्स नेकलेसची शान गेली म्हणून केवढा गदारोळ झाला; पुढे पुन्हा पिवळसर छटेचे दिवे आले. तो वाद सौंदर्याचा होता, पण लेन्सचंही त्यात काही म्हणणं होतं. सोडियमचा बहुतेक प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरजवळ निळ्याचा मोठा उंचवटा असतो आणि बाकीचे रंग दूरवर पसरलेले. साधी लेन्स इतके सगळे रंग एका बिंदूवर आणू शकत नाही, मग दिव्याभोवती जांभळी कड उमटते. सोडियमच्या उजेडात तिचा हा दोष झाकला जायचा.

आता दिव्यांमधल्या अंधाराकडे. तिथे फोटो रवाळ का दिसतो? आयएसओ वाढवला म्हणून, असं उत्तर मिळतं, आणि ते अर्धंच खरं आहे. आयएसओ सेन्सरची संवेदनशीलता वाढवत नाही. मिळालेला संकेत फक्त मोठा करतो. मूळ अडचण प्रकाशाच्या तुटवड्याची आहे. वळिवाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर कसे पडतात ते आठवा: एकीवर चार, शेजारच्या तितक्याच आकाराच्या फरशीवर नऊ. सर लागली की सगळ्या सारख्याच ओल्या दिसतात. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तेही असेच अनियमित येतात. एका पिक्सेलला सरासरी १०० फोटॉन मिळत असतील, तर त्यात १० चा, म्हणजे १० टक्के चढउतार असतो; १०,००० मिळाले तर १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. कॅमेरा कितीही महाग असो, हे वर्गमूळ त्याला चुकत नाही. उपाय एकच, जास्त फोटॉन गोळा करणं, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवणं. १९३० च्या सुमारास पॅरिसच्या रात्री टिपणारा फोटोग्राफर ब्रासाई तर एक्स्पोजर सिगारेटींवर मोजायचा, असं तो स्वतःच सांगत असे: साधारण उजेडाला एक गोलुआझ संपेपर्यंत, जास्त अंधार असेल तर जाडजूड बोयार संपेपर्यंत. त्याला ते परवडायचं. आपल्याला ८ सेकंदांत भागवता येतं.

फोटॉन फुकट हवे असतील, तर सूर्यास्तानंतर लगेच जावं. आकाश निळं असताना इमारतींच्या सावल्यांतही उजेड असतो आणि दिव्यांशी त्याचा तोल जमतो. पण मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे, इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. मार्च-सप्टेंबरच्या सुमारास सूर्यास्तापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत जेमतेम २२ मिनिटं मिळतात. लंडनकरांना त्याच दिवसांत ३३ मिळतात. त्यामुळे ट्रायपॉड लावणं, फोकस करणं ही कामं सूर्य वर असतानाच उरकलेली बरी. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या दमट हवेत लेन्सवर बाष्प धरतं; अर्धा तास आधी पोचण्याचं हेही एक कारण.

फोनवाल्यांनी एव्हाना विचारलं असेल, की यातलं काहीच न करता आमचे फोटो बरे येतात ते कसे. २०१८ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनवर नाइट साइट आलं, आणि आता जवळपास प्रत्येक फोनमध्ये तसा मोड असतो. तो एक लांब एक्स्पोजर घेत नाही. अनेक छोटे घेतो, एकावर एक जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. १६ फोटोंची सरासरी काढली, की रवाळपणा चौपट कमी होतो. पुन्हा तेच वर्गमूळ, फक्त आता आपल्या बाजूनं. कॅमेऱ्यावरही हे करता येतं; ट्रायपॉडवरून १६ फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकत्र करायचे.

यात अडचण येते ती हलणाऱ्या गोष्टींची. चालणारी माणसं, गाड्या जिथे जुळत नाहीत, तिथे फोन बहुधा एकाच फोटोतला तुकडा वापरतो, म्हणून गर्दीतले चेहरे इमारतींपेक्षा रवाळ दिसतात. रस्त्यावर लाल-पांढऱ्या रेषा हव्या असतील, तर मात्र कॅमेऱ्याचा लांब एक्स्पोजरच लागतो. ताशी ३६ किलोमीटरनं जाणारी गाडी ८ सेकंदांत ८० मीटर रेषा ओढते. चौपाटीकडचा सिग्नल सुटला की बटण दाबावं. तो लाल असताना घेतलेल्या फोटोत रेषांऐवजी नुसते उभ्या गाड्यांचे ब्रेकलाइट येतात.